हयात ना? रद्द नाही ना?

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात स्वतःसाठी जेवढ्या सह्या केल्या, त्याच्या दसपट सह्या दुसऱ्यांच्या वतीने केल्या आहेत, आणि एक सोडली तर त्यांतल्या कुठल्याही सहीवर आज कुणाला बोट ठेवता येणार नाही. पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंत ज्यांची घरं आहेत पण जे स्वतः इथे नाहीत, अशा आमच्या नात्यागोत्यातल्या आणि जुन्या कंपनीतल्या निदान पंधरा माणसांचे मामा मुखत्यार आहेत. स्वतःचा जावई कुवेतला, कुणी जर्मनीत, कुणी निवृत्त होऊन औशाला परत गेलेलं, कुणाला गुडघ्यांनीच घरात बसवलेलं. या सगळ्यांनी 'माझ्या वतीने तुम्ही करा' असं मुखत्यारपत्र मामांना लिहून दिलेलं आहे. प्रत्येकाची वेगळी फाइल, प्रत्येक फाइलला प्लास्टिकचं वेष्टण, आणि सगळ्या फायली एका खाकी कापडी पिशवीत. त्याच पिशवीत अंगठ्यासाठी शाईचा पॅड, पासपोर्ट आकाराचे स्वतःचे बारा फोटो, आणि अंगठा पुसायला मामींच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मामी म्हणतात, "घराला आग लागली तर हे आधी पिशवी बाहेर काढतील, मग मला विचारतील, तू येतेस का."

मामा मूळचे लातूरकडचे. तरुणपणी भोसरीतल्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि तिथल्या इन्स्पेक्शन खात्यातूनच निवृत्त झाले. मशीनवरून आलेला प्रत्येक जॉब, म्हणजे कापून तयार झालेला सुटा भाग, गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. तेहेतीस वर्षं त्यांनी हेच केलं. तिथे 'जवळजवळ बसतोय की राव' म्हणणारे खूप असायचे आणि मामा त्यांच्याकडे नुसतं बघायचे. निवृत्त झाल्यावर गेज कंपनीत राहिलं, सवय मात्र घरी आली. आता कागद हेच त्यांचं गेज. मुखत्यारपत्रात जे लिहिलंय ते करायचं, जे लिहिलेलं नाही ते त्यात बसत नाही, मग समोर कुणीही असो.

त्यांचा एक पुतण्या जर्मनीत आहे. त्याच्या मोशीतल्या फ्लॅटची व्यवस्था मामांकडे. कागदात अधिकार तीन: भाडेकरू ठेवणे, भाडेकरार नोंदवणे, सोसायटीच्या सभेला हजर राहणे. एकदा त्या फ्लॅटमधला स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. भाडेकरूने प्लंबर आणला तर मामा दारात उभे राहिले आणि म्हणाले, दुरुस्ती या कागदात नाही. पुतण्याने तिकडून फोन केला, "काका, मीच सांगतोय ना, करा." मामा म्हणाले, "तू तोंडी सांगायलास. तोंडी अधिकारावर मी दुसऱ्याच्या नळाला पाना लावणार न्हाई." मग पुतण्याने तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन नवा कागद सही-शिक्क्यानिशी केला, तो टपालाने आला, मामांनी त्याला इथला मुद्रांक लावून घेतला, आणि दीड महिन्याने प्लंबर आत गेला. हे ऐकून माणसं हसतात, मीही हसलो होतो. पण त्या दीड महिन्यात भाडेकरू नवरा-बायको दोघंही पहिल्या शिफ्टला जातात म्हणून, नळाखालची बादली उपसायला मामा रोज कासारवाडीहून दोन बस बदलून मोशीला जात होते. "आता हे कुठल्या कागदात बसलं?" असं मी विचारलं तर म्हणाले, "बादली ओतायला मुखत्यारपत्र लागत न्हाई, जावईबापू."

दुसऱ्याच्या वतीने वागायची ही सवय इतकी मुरली आहे की मामा कुठेही एकटे जातच नाहीत. लग्नाला गेले की आहेराची पाकिटं चार: एक स्वतःचं, बाकीची ज्यांनी कळवलं आहे त्यांची, आणि प्रत्येकावर नाव, खाली 'तर्फे' आणि सही. जेवणाच्या पंगतीत जिलबी दोनदा घेतात. पहिली स्वतःची. दुसरी घेताना वाढप्याला सांगतात, "ही कुवेतच्या जावयाची." मधुमेहाच्या डॉक्टरांनी बंदी घातली तेव्हा त्यांनी स्वतःची जिलबी सोडली आणि जावयाची चालू ठेवली. डॉक्टरांनी सांगितलेलं फक्त स्वतःपुरतं आहे, असं त्यांचं म्हणणं. मामींनी एकदा, आळंदीला चाललाच आहात तर माझ्या वतीने हात जोडा, असं सांगितलं. मामांनी समाधीपुढे आधी स्वतःचा नमस्कार केला, मग बाजूला सरकून पुन्हा हात जोडले आणि डोळे मिटून पुटपुटले. मी कान देऊन ऐकलं. मामींचं संपूर्ण नाव, वय वर्षे एकसष्ट, धंदा घरकाम, राहणार कासारवाडी. मागे रांग खोळंबली होती. पुजाऱ्यांनी पुढे व्हा म्हटलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "माझं झालंय. हे तिचं चाललंय."

एकदा अंगात सणसणून ताप असताना ते औशाच्या एका मित्राच्या सोसायटीच्या सभेला निघाले. मी म्हटलं, मामा, मी जाऊन बसतो, तुमचं नाव सांगतो. त्यांनी शाल गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांच्या खिशातून पाकीट काढायला निघालो होतो. "मुखत्याराला पुढं आणिक मुखत्यार नेमता येत न्हाई. कागदात तशी परवानगी पायजे. इथं न्हाई." मग रिक्षातून मी फक्त त्यांना सोडायला गेलो. सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तास भांडण झालं आणि मामा कोपऱ्यात कुडकुडत बसून राहिले, कारण मतदानाचा अधिकार कागदात होता, पण बोलण्याचा नव्हता.

पण मामांची खरी ख्याती आहे ती फोनसाठी. रविवारी सकाळी सात वाजता ते आंघोळ करून, चष्मा पुसून, डायरी उघडून बसतात आणि एकेका मुखत्यारपत्र देणाऱ्याला फोन लावतात. पलीकडून उचलला की हॅलो नाही, कसा आहेस नाही. दोनच प्रश्न. "हयात ना? रद्द नाही ना?" पहिला प्रश्न म्हणजे तू जिवंत आहेस ना, दुसरा म्हणजे मला दिलेला अधिकार काढून घेतला नाहीस ना. उत्तरही सगळ्यांना पाठ झालेलं आहे: "आहे. नाही." की फोन बंद, डायरीत तारीख आणि एक टिंब. कुवेतच्या जावयाकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात आणि तो झोपेतच "आहे, नाही" म्हणून कूस बदलतो. त्याची बायको सांगते की एकदा मामांचा फोन नसतानाही तो झोपेत तेच बडबडला.

हे खूळ कुठून आलं, ते समजायला नोंदणी कार्यालयातली एक गोष्ट ठाऊक पाहिजे. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदवायला गेलं की तिथे मुखत्याराकडून एक घोषणापत्र घेतात. मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही, असं त्यात लिहून द्यायचं असतं. देणारा वारला की त्या क्षणी मुखत्याराचा अधिकार संपतो, आणि त्यानंतरची सही म्हणजे नुसती शाई. हा कागद इतर कागदांच्या गठ्ठ्यात येतो आणि शंभरातली नव्व्याण्णव माणसं तो न वाचता सही ठोकतात. मामांनीही पहिल्या वेळी तसंच केलं होतं. औशाच्याच दुसऱ्या एका मित्राच्या जागेचा व्यवहार होता. मामांनी अकराला सही केली आणि दुपारी गावाकडून निरोप आला की तो पहाटेच गेला. पुढे घेणाऱ्याने वारसांना गाठून दस्त पुन्हा करून घेतला आणि प्रकरण मिटलं. मामांच्या मनातून काही ते गेलं नाही. ते मला एकदाच म्हणाले होते, "तो घोंगडीवर पडलेला होता, घरच्या बायका रडायल्या होत्या, आणि मी इथं हसत हसत लिहून दिलं की तो हयात आहे. तेहेतीस वर्षांत असा जॉब माझ्या हातून पास झाला नव्हता." त्यानंतर हे फोन सुरू झाले.

आता माझ्या स्वतःच्या घराची गोष्ट. आम्ही नवरा-बायको तेव्हा कासारवाडीत स्टेशनजवळ भाड्याने राहत होतो. मी चाकणच्या एका कंपनीत, शुभांगी पिंपरीत एका दवाखान्यात. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याने खोली तीन महिन्यांत मोकळी मागितली. तेवढ्यात मामांनी तात्यांचा फ्लॅट सुचवला. तात्या म्हणजे मामांच्याच कंपनीतले टर्नर, मावळातले, लेथवर अख्खी उमर काढलेले. मामांनी आयुष्यभर सगळ्यात जास्त जॉब कुणाचे रिजेक्ट केले असतील तर ते तात्यांचे, आणि डबा मात्र तेहेतीस वर्षं दोघांनी एकाच बाकावर बसून खाल्ला. तात्यांना मूलबाळ नव्हतं. बायको गेली, मग पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, आणि पिंपळे गुरवचा तिसरा मजला त्यांना जमेना. ते आळंदीला तळमजल्यावरच्या एका खोलीत राहायला गेले. शेजारी खानावळ होती, तिथल्या मावशी दोन वेळचं ताट आणि चहा आणून देत. फ्लॅट विकायचा होता, आणि परक्यापेक्षा इन्स्पेक्टरच्या भाचीला दिलेला बरा, असं त्यांनीच सांगितलं. मामांना ते कायम इन्स्पेक्टरच म्हणायचे.

खरेदीखतावर तात्यांनी आळंदीतच स्वतःच्या हाताने सह्या केल्या. पण दस्त नोंदवताना कुणीतरी अधिकाऱ्यासमोर उभं राहून 'होय, ही सही त्यांचीच' अशी कबुली द्यावी लागते, आणि कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तेवढ्या एका कामापुरतं मुखत्यारपत्र तात्यांनी मामांच्या नावे केलं. ते करून घ्यायला अधिकारी स्वतः तात्यांच्या खोलीवर आले होते, आजारी माणसासाठी तशी सोय आहे. मामा त्या कागदावर फार खूश होते. "एकच वाक्य बोलायचा अधिकार. असा सुटसुटीत कागद मी बघितला न्हाई," असं ते येईल त्याला सांगायचे. आमच्या बँकेच्या कागदांत पुढे दोन महिने गेले. नोंदणीची तारीख कधीही निघेल म्हणून मामांनी तात्यांना रविवारवर ठेवलं नाही. रोज सकाळी सात वाजता फोन. हयात ना? रद्द नाही ना?

शेवटी एका शुक्रवारची तारीख मिळाली. मी शिफ्ट बदलून घेतली, शुभांगीने रजा टाकली, घरातलं अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. त्या शुक्रवारनंतर कार्यालयाला ओळीने सुट्ट्या होत्या आणि पुढची तारीख थेट दुसऱ्या महिन्यातली. म्हणजे त्या दिवशी काम झालं नाही तर खोक्यांसकट आम्ही रस्त्यावर. अकरा वाजता आम्ही पोहोचलो तर मामा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले, चेहरा पडलेला. "तात्या फोन उचलंना," ते म्हणाले. सातपासून अकरा वेळा लावला होता. मी म्हटलं, आंघोळीला गेले असतील. "चार तास?" मामा म्हणाले.

आमचा नंबर आला. फोटो झाला, माझा आणि शुभांगीचा अंगठा झाला, आणि तिथल्या मॅडमनी घोषणापत्र मामांपुढे सरकवलं. मामांनी ते सगळं वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होते, आणि पेनाला टोपण लावलं. "हे मला आज माहीत न्हाई," ते म्हणाले. मॅडमना वाटलं त्यांना वाचता आलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. मामा म्हणाले, "मजकूर कळला. तो हयात आहे का न्हाई, ते कळंना." मॅडम कंटाळून म्हणाल्या, "काका, काल होते ना? सगळेच करतात सही." मामा म्हणाले, "काल होता. कालच्यावर सही करू का?" मॅडमनी आमचे कागद बाजूला ठेवले आणि सांगितलं की पाचच्या आत या, नाहीतर पुढची तारीख घ्या.

जिन्यात माझा तोल गेला. मी मामांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण तुमच्या या खुळापायी आमचं घर जाणार, हे नक्की बोललो. शुभांगी कठडा धरून उभी होती, डोळ्यांत पाणी. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग भाचीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शुभे, घर जाणार न्हाई, उशीर होईल. पण त्याला काही झालं असंल तर माझी सही तुला घरात सुखानं झोपू देणार न्हाई. चल, बघून येऊ." आम्ही आळंदीची रिक्षा केली. मामा मधूनमधून फोन लावत होते आणि तो वाजून वाजून बंद होत होता. मला राग होता तो भोसरी ओलांडेपर्यंत टिकला, पुढे नुसती भीती राहिली.

खोलीच्या दारात खानावळीच्या मावशी भेटल्या. मामांनी त्यांना काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "दोनदा चहा झाला त्यांचा. फोन वाजतोय सकाळपासून, मी म्हटलं उचला की, तर माझ्यावरच डाफरले." मामा भिंतीला टेकले. मग पायताण काढून आत गेले. तात्या कॉटवर बसलेले, काठी शेजारी, आणि फोन उशीवर समोर ठेवलेला, देवासमोर ठेवावा तसा.

"हयात हायेस?" मामांनी विचारलं.

"दिसतंय की तुला, इन्स्पेक्टर."

"मग फोन कामून उचलंनास?"

तात्यांनी शुभांगीला बसायला सांगितलं, मावशींना चहा सांगितला, माझ्याकडे बघून मान हलवली. मामांनी जागेवरून न हलता दुसरा प्रश्न विचारला, "रद्द न्हाई ना?"

"आन् रद्द करतो म्हनलं तर?"

मी काहीतरी बोलणार होतो, पण मामांनी हात आडवा केला. त्यांच्या आवाजात जरासाही बदल नव्हता. "तुझा अधिकार हाये. तू म्हन, मी आत्ता लिहून देतो आणि ह्यांना घेऊन माघारी जातो. कुणी तुला एक शब्द बोलणार न्हाई." ते असं म्हणाले आणि मला कळून चुकलं की ते खरंच तसं करतील, सख्ख्या भाचीचं घर असलं तरी. तात्यांनाही ते कळलं असावं. ते बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"रद्द न्हाई करायचं मला," ते शेवटी म्हणाले. "पोरीला घर देतो म्हनलोय ते दिलं. पर तूच सांगितलं न्हवंस का, एका कामाचा कागद हाय, काम झालं की कागद संपला. आज कागद झाला की तुझं मुखत्यारपन संपलं. मंग उद्या सात वाजता कोन इचारनार मला, हाय का म्हनून? दोन म्हैनं झालं, सकाळी उठायला कायतरी कारन हाय. म्हनलं आज उचलायचाच न्हाई. जेवडं लांबंल तेवडं लांबंल." मग शुभांगीकडे न बघता म्हणाले, "चुकलं मपलं, पोरी. तुजी खोकी भरल्यात ते ठावं हाय मला."

मावशी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या होत्या. मला वाटलं मामा आता मित्राच्या खांद्यावर हात ठेवतील, म्हणतील, वेड्या, मी रोज फोन करीन. दुसरा कुणीही माणूस तेच म्हणाला असता. मामांनी पिशवी उघडली, तिच्यातून दस्त लिहायचा हिरवा लेजर कागद काढला, पाटावर ठेवला आणि लिहायला घेतलं. तोंडी वचनाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, आणि तात्यांना ते माहीत होतं. दहा मिनिटांनी त्यांनी वाचून दाखवलं: 'मुखत्यारपत्र लिहून देणार यांजकडून लिहून घेणार यांस अधिकार देण्यात येतो की, त्यांनी लिहून देणार यांचे हयातीची चौकशी दररोज सकाळी करावी.' तात्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि परत दिला.

"सकाळी म्हंजे कवा? टाइम न्हाई टाकला. रिजेक्ट."

मामांनी दुसरा कागद काढला आणि 'सकाळी सात वाजता' असं लिहिलं. तात्यांनी वाचला. "सात वाजता, पर च्याच्या आदी का नंतर? मपला च्या सातलाच येतो. रिजेक्ट." मी घड्याळाकडे बघितलं, तीन वाजून गेले होते. मामांनी तिसरा कागद काढला. आता तात्यांच्या चेहऱ्यावर जे काही उजळत होतं ते लपत नव्हतं. तेहेतीस वर्षांचा हिशेब ते एकेका कागदाने चुकता करत होते, आणि मामा मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, चूक न करण्याची धडपड करत लिहीत होते. शुभांगी डोळे पुसत हसायला लागली. तिसऱ्या कागदात वेळ होती, चहाच्या आधी असं होतं, आणि शेवटी मुदतीच्या कलमात मामांनी लिहिलं होतं: 'सदर काम पूर्ण होणारे नाही, सबब हे मुखत्यारपत्र लिहून देणार हयात असेपर्यंत अमलात राहील.' तात्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग मामांकडे पेन मागितलं.

साक्षीदार म्हणून मी आणि मावशींनी सह्या केल्या. मी सहज म्हणालो, "मामा, याला मुद्रांक नाही, शिक्का नाही. हे कुठल्याच कार्यालयात चालणार नाही." मामा कागद प्लास्टिकच्या वेष्टणात सरकवत म्हणाले, "चालवायचंय कुठं?" त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग ते उभे राहिले, शर्ट ओढून नीट केला आणि अधिकाऱ्यासमोर बोलावं तशा आवाजात म्हणाले, "हयात ना? रद्द नाही ना?"

"हाय. न्हाई," तात्या म्हणाले. "पळा आता, पाच वाजत्याल."

पाचला वीस मिनिटं असताना आम्ही जिना चढलो. मॅडमनी आमचे कागद परत ओढून घेतले आणि मामांना विचारलं, "मग, आहेत का काका?" मामांनी घोषणापत्रावर सही केली आणि म्हणाले, "आहे. दोनदा चहा झाला." मग त्यांनी त्यांचं ते एक वाक्य इतकं ठासून उच्चारलं की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. होय, ही सही त्यांचीच. त्या रविवारी आम्ही खोकी घेऊन पिंपळे गुरवला राहायला आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत तात्यांच्या बायकोने लावलेला कढीपत्ता होता, तो अजून आहे.

तात्या पुढे तीन वर्षं जगले. तीन वर्षं रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, मामांनी फोन केला. रविवारची बाकीची मंडळी सातनंतर ढकलली गेली, म्हणून कुवेतच्या जावयाला दहा मिनिटं जास्त झोप मिळायला लागली. फोन लांबतही गेला. दोन प्रश्नांची दोन उत्तरं झाली की तात्या म्हणत, आता कागदाबाहेरचं बोलू का, आणि मामा परवानगी देत. मग बाकावरच्या डब्याच्या, लेथच्या, कोण मेलं कोण उरलं त्याच्या गप्पा. मामी म्हणायच्या, "माझ्याशी कधी कागदाबाहेर बोलला नाहीत."

मागच्या थंडीत एका सकाळी फोन मावशींनी उचलला. मामांनी ऐकून घेतलं, डायरीत तारीख लिहिली, टिंब दिलं नाही. दहनाला आम्ही सगळे गेलो होतो. घरी आल्यावर मामांनी तो हिरवा कागद काढला, त्यावर सरळ अक्षरात 'अधिकार संपुष्टात' असं लिहिलं, खाली सही केली, आणि फाइल पिशवीतून काढून कपाटात ठेवली. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. देणारा गेला की कागद संपतो. मामी म्हणाल्या, त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला. तोंडाला फेस तसाच, मी कसाबसा उचलला. पलीकडे मामांनी घसा साफ केला.

"हयात ना?"

मी म्हटलं, "आहे."

"रद्द नाही ना?"

"नाही, मामा."

फोन बंद झाला. तेव्हापासून रोज येतो, सात वाजता, चहाच्या आधी. मी मामांना आजपर्यंत कसलंच मुखत्यारपत्र लिहून दिलेलं नाही. कागदावाचून पाऊल न टाकणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी विषय काढला नाही, आणि मीही काढत नाही. सात वाजायला आले की आंघोळीला जातानाही मी फोन बरोबर घेऊन जातो.